मीनाक्षीची ग्रीक पोथी

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा होती, पण ती ओढ्यापलीकडे होती आणि धाकटी भावंडं ओढ्याअलीकडे. त्यामुळे माझ्या लिहिण्यात ऱ्हस्वदीर्घ शोधत बसू नका, सापडतील तेवढे तुमचे. मंडळाच्या अंकासाठी मीनाक्षी टेंबेवर लिहिते म्हटल्यावर आमची सून उत्तरा म्हणाली, "आई, नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. मग तिने मला कागद आणून दिले आणि टेबलावरचा पसारा आवरून जागा करून दिली. तिला सगळं ठाऊक आहे.

अमेरिकेत शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या घरामागे एक तळं आहे. माणसांनी खणलेलं आणि बदकांनी बळकावलेलं. ही बदकं म्हणजे काळ्या मानेची, कुत्र्याएवढी, फिस्स करून अंगावर येणारी. अकरा वर्षांपूर्वी त्यातलं एक माझ्या पातळाच्या काठाला झोंबलं आणि मी त्याला कराडकडच्या चार अस्सल शिव्या घातल्या. मागून आवाज आला, "काकू, त्याला मराठी येत नाही. मला येतं. जरा हळू."

ती मीनाक्षी. तेव्हा साठीची, काटकुळी, तुरुतुरु चालणारी. घर आमच्यापासून चौथं. सगळं मंडळ मला आजी म्हणतं, ही एकटी काकू म्हणायची. "तुम्हाला आजी म्हटलं तर मी कोण होते त्याचा विचार करावा लागेल," म्हणायची.

शनिवार-रविवार आम्ही तळ्याला फेऱ्या मारायचो. तिचे केस बघून माझा जीव तुटायचा. कोरडेठाक, वाऱ्यावर भुरभुरणारे.

"अगं, तेलाचं बोट लाव की डोक्याला."

"नोकरीत चालत नाही काकू."

"तेल चालत नाही अशी कसली नोकरी? झोपाळ्यावरून उड्या मारतेस का सर्कशीत?"

तेव्हा तिने पोथीचं सांगितलं.

तिचे यजमान प्रल्हाद इंजिनियर होते. मुलगा ऋषी बारावीत असताना हृदयविकाराने गेले. मीनाक्षीने नोकरी शोधली ती पाद्री तयार करणाऱ्या एका कॉलेजच्या लायब्ररीत. सकाळी सहाला गाडी काढून स्टेशन, मग शिकागोची ट्रेन, मग बस. बर्फ असो, काही असो. आधी पुस्तकं जागेवर लावायचं काम होतं. मग तिथल्या म्हाताऱ्या लायब्ररीयनबाईंनी हिचा हात पाहिला आणि आतल्या कुलपाच्या खोलीत नेलं. तिथे जुनी बाडं होती. त्यातलं एक हजार वर्षांपूर्वी हाताने लिहिलेलं, ग्रीक भाषेतलं बायबल. अख्खं नाही, येशूचं चरित्र चौघांनी सांगितलंय तेवढंच. त्याची पानं उलटायची, तपासायची, बघायला येणाऱ्या विद्वानांपुढे मांडायचं आणि परत पेटीत निजवायचं, हे तिचं काम झालं.

"कागद टिकला कसा ग हजार वर्षं?"

"कागद नाही काकू. कातडं. बकऱ्याचं."

मी थांबले. मीनाक्षी पक्की शाकाहारी, केकमध्ये अंडं आहे का हे तीनदा विचारणारी.

"पहिल्या दिवशी घरी आले आणि डोक्यावरून आंघोळ केली," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात धुतले. महिन्याने लक्षात आलं की आता मी जेवायच्या आधी नाही, त्याला हात लावायच्या आधी जास्त हात धुते."

हातमोजे घालत नाहीत म्हणे. मोज्यात बोटांना कळत नाही आणि पान फाटतं. स्वच्छ, कोरडा, उघडा हात. अंगठी नाही, बांगडी नाही, क्रीम नाही. आणि केसांना हात जातोच माणसाचा, म्हणून केसाला तेल नाही. शुक्रवारी संध्याकाळी लावायचं, रविवारी न्हाऊन काढून टाकायचं. ऋषीच्या लग्नातसुद्धा तिने मेंदी काढली नव्हती. व्याह्यांना वाटलं, विहीणबाई नाराज आहेत.

तिला ग्रीक येत नव्हतं. अक्षरं तेवढी ओळखायची. पण लिहिणारा माणूस तिला पाठ होता. "हे बघा," फेरी मारताना हवेत बोट नाचवत सांगायची, "इथे त्याने बोरू बुडवला, अक्षर काळंभोर. मग फिकट, फिकट, आणि अगदी पुसट होईपर्यंत ओढतो तो, कंजूष आहे. मग पुन्हा काळं. शेवटच्या पानावर त्याने लिहिलंय की थंडी फार आहे, डोळे दुखतात, चुकलं असेल ते पदरात घ्या." विद्वानांनी तिला वाचून दाखवलं होतं ते. तिचे वडील भिक्षुकी करायचे. त्यांच्या पोथ्यांच्या शेवटीही असंच असायचं, की पाठ मोडली, मान मोडली, कष्टाने लिहिलंय, तर मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका. "सगळीकडचे लिहिणारे सारखेच रडके हो," म्हणायची आणि हसायची.

त्या पोथीचा प्रवासही तिने मला फेऱ्याफेऱ्यांनी सांगितला. ग्रीस देशात उत्तरेकडे डोंगरात एक मठ होता. तिथल्या साधूने ती लिहिली. एका बकऱ्यात चार-सहा पानं निघतात, म्हणजे एक कळप त्या पोथीत चरतोय म्हणायचा. नऊशे वर्षं ती मठातच होती. पानांवर मेणबत्तीचे थेंब आहेत, कोपरे बोटांनी काळे झालेत. मग पहिलं मोठं महायुद्ध आलं. सैनिकांनी मठ लुटला, साधूंना मारहाण केली, पोथ्या पोत्यांत भरून खेचरांवर लादल्या. त्यात हिचं एक पान फाटलं ते कायमचं. पुढे ह्या दुकानातून त्या दुकानात होत कुणा अमेरिकन माणसाने ती विकत घेतली आणि चांगल्या मनाने कॉलेजला दिली. लुटीची आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

कॉलेजला ठाऊक झालं ते तीन वर्षांपूर्वी. मठाची एक जुनी यादी कुठेतरी मिळाली, त्यातला आकडा पोथीच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात होता. मठातून पत्र आलं. कॉलेजवाल्यांनी सभा घेतल्या आणि ठरवलं, परत द्यायची. चांगली माणसं. हे मी आजही म्हणते.

मी मीनाक्षीला विचारलं, "लेक सासरी चालल्यासारखं वाटतंय का ग?"

"उलट काकू. सासरी इथे होती. माहेरी चाललीय."

आणि कॉलेजच्या प्रमुखांनी तिला बोलावून सांगितलं, सत्तावीस वर्षं तुम्ही सांभाळलीत, तुम्हीच घेऊन जा. विमानात ती तुमच्या शेजारी असेल. मठात तुमच्या हाताने द्या.

सत्तरीला आलेली बाई, पण अंगात वारं शिरलं तिच्या. पासपोर्ट नवा केला. डोंगरात चढायला बूट घेतले आणि ते घालून आमच्या जिन्यावरून वरखाली करून दाखवलं. मठ मध्ये जळला होता, तो परत बांधलाय, आणि त्यात पोथ्यांसाठी फडताळ आहे असं कुणीतरी तिला सांगितलं. "मला तो खण बघायचाय," ती म्हणायची. "मी स्वतः ठेवणार त्यात. मग मला काही नको." तिने एक बासनसुद्धा शिवलं, आपल्याकडे पोथी गुंडाळतात तसं. लाल नाही. रंग उतरतो म्हणून साधं कोरं सुती कापड, सात वेळा धुऊन खळ काढलेलं. कॉलेजला विचारून, परवानगी घेऊन शिवलं. सगळं विचारूनच करायची ती.

एकच गोष्ट तिने न विचारता केली आणि ती माझ्यासाठी.

मी तिच्या मागे लागले होते. "एवढी पुराणं सांगतेस, एकदा दाखव तरी. मग जाईल ती, आणि मीही कुठे बसून राहणार आहे?" बाहेरच्या माणसाला त्या खोलीत न्यायचं तर आधी अर्ज करावा लागतो, नाव लिहावं लागतं. अर्जाला तीन आठवडे लागणार होते आणि पोथी बांधायला घ्यायची होती. "चला," ती म्हणाली. "मंगळवारी दुपारी तिथे कुणी नसतं. पाच मिनिटं."

तो मंगळवार दसऱ्याचा होता. सकाळी चारुदत्तने, माझ्या मुलाने, मला देवळात नेलं होतं. भटजींनी तीर्थ दिलं, कुंकवाची पुडी दिली, ती मी पर्समध्ये टाकली. तीर्थाच्या हाताने घेतलेली, ओलसर. मी स्वतः कुंकू लावत नाही, वीस वर्षं झाली. पण देवाला लावते.

मीनाक्षीने सकाळची सुट्टी घेतली होती, ट्रेनने गेलो आम्ही. ती मला खिडकीतून काय काय दाखवत होती, मी फक्त तिच्याकडे बघत होते. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी दिसत होती.

खोली लहान, थंड, आमच्या तळघरासारखी. तिने हात धुतले, पुसले, वाऱ्यावर वाळवले. "हात लावायचा नाही हं काकू." करड्या पेटीतून पोथी काढली, स्पंजाच्या उशीवर ठेवली आणि उघडली. डाव्या पानावर एक म्हातारा लिहायला बसलेला, मांडीवर पान, मागे सगळं सोनेरी. उजव्या पानावर बारीक, सुबक अक्षरं, मुंगीच्या रांगा शिस्तीत जाव्यात तशी. मला एक अक्षर कळलं नाही, तरी मी वाकून वाकून बघत राहिले. मराठी वाचतानासुद्धा माझं असं होत नाही.

बाहेर फोन वाजला. मीनाक्षी दारापर्यंत गेली. तीन पावलं.

आता मी काय सांगू. आमच्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची आणि घरातलं लिहिलेलं सगळं पुढे मांडायचं. पोथ्या, वह्या, पोरांची फाटकी अंकलिपी, एकदा तर माझ्या सासऱ्यांनी रेशनकार्ड ठेवलं होतं. प्रत्येकाला बोट लावल्याशिवाय सण होत नाही. आणि ही हजार वर्षांची पोथी, दूर प्रवासाला निघालेली, आणि दसऱ्याच्या दिवशी बोडकी बसलेली. माझं बोट पुडीत कधी गेलं मला कळलं नाही. उजव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे आपण श्री लिहितो तिथे, तिळाएवढं लावलं. हात जोडले. मीनाक्षी परत आली, मला हात जोडलेले बघून तिचे डोळे भरले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी तिने पोथी मिटली.

परतताना ट्रेनमध्ये सांगणार होते. वाईट केलं म्हणून नव्हे, चांगलं केलं म्हणून. पण ती मठाबद्दल बोलत होती, थांबेचना. म्हटलं, राहू दे, देवाचं देवाला माहीत.

पुढे तीन आठवडे गेले. सकाळचा चहा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी घेते, आणि सहाला मीनाक्षीची गाडी जाताना दिसते. त्या आठवड्यात सोमवारी गाडी हलली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी मी डब्यात पिठलं-भाकरी घेतली आणि गेले.

दार उघडंच होतं. ती खुर्चीत बसली होती, पुढ्यात खोबरेल तेलाची बाटली, आणि ती केसांना तेल चोपडत होती.

"बुधवारी तेल?" मी म्हटलं.

"आता कुठे जायचंय." तिने एक बट घेतली, चोळली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काकू, तुम्ही कुंकू लावलंत का हो तिला?"

"लावलं."

"हं."

ती तेल लावत राहिली. मी डबा धरून उभी. नंतर तिने सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच बाईची गोष्ट सांगावी तसं. पोथी पाठवण्याआधी एक तपासनीसबाई आली होती. पान न् पान बघून कुठे डाग, कुठे चीर हे लिहून काढते. पहिल्याच पानावर लाल ठिपका. ओलं मिटल्यामुळे समोरच्या पानावर त्याचा छाप उठलेला, त्या म्हाताऱ्याच्या मागच्या सोन्यात. आधी त्यांना वाटलं जुनी शाई आहे. मग जुने फोटो काढले. त्यात नव्हता.

"निघत नाही?"

"कातड्यात मुरलंय. घासलं तर सोनं जाईल."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी केलं म्हणाले. आमच्या सणाची रीत, माझ्या हातून झालं, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सही करून दिली."

"अगं पण का? माझं नाव सांगायचंस. मला काय फाशी देणार होते?"

"किल्ली कुणाकडे होती काकू?" ती म्हणाली. "तुम्ही आत कशा आलात हे कुणाला विचारतील? मलाच ना. मग कुणाचं बोट ह्याने काय फरक पडतो."

किल्ली काढून घेतली होती. ग्रीसला जाणं रद्द. दुसरं कुणीतरी नेणार. पण प्रमुख भला माणूस. तो म्हणाला होता, तुम्ही खरं सांगितलंत, लपवलं नाहीत, म्हणून निरोपाच्या समारंभात पोथी तुमच्याच हाताने पाहुण्यांना द्या. इथल्या इथे, टेबलावरून. तेवढं मी सगळ्यांशी भांडून मिळवलंय.

"तेवढं पुरे आहे मला," मीनाक्षी म्हणाली. "खण नाही बघायला मिळणार. पण त्यांच्या हातात मी देणार."

मी घरी आले. जेवण जाईना. माझ्यामुळे एका बाईचं आयुष्यभराचं काम डागाळलं आणि मी खिडकीशी चहा पिणार? मी नातीला धरलं. अनुष्का, एकोणीस वर्षांची, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी आलेली. म्हटलं, मला त्या कॉलेजात ने. मी सांगते त्यांना, ते बोट माझं.

"आजी, आधी मीनाक्षीमावशीला विचार ना," ती म्हणाली. "इट्स हर जॉब. तू असं जाऊन डायरेक्ट कसं..."

"विचारलं तर ती नाही म्हणेल."

"मग त्याचा अर्थ नाही असाच होतो, आजी!"

पण मी हटून बसले. ऐंशी वर्षांच्या बाईचा हट्ट एकोणीस वर्षांच्या पोरीला झेपत नाही. नेलं तिने.

प्रमुख उंच, हळू बोलणारे, माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढून देणारे. मी सगळं सांगितलं, अनुष्का इंग्रजी करत गेली. दसरा, पुडी, तीन पावलं, सगळं. मला वाटलं, आता ते म्हणतील, बरं झालं सांगितलंत, बिचारीवर उगाच आळ. त्यांनी खणातून एक कागद काढला, वाचला, टेबलावर ठेवला. मग अनुष्काला काहीतरी म्हणाले आणि पोरीचा चेहरा उतरला.

"काय म्हणतात ग?"

"ते म्हणतात..." तिला मराठी सापडेना. "मावशीने सही केलेल्या कागदावर लिहिलंय की रूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. आणि आता तू म्हणतेस की तू होतीस. म्हणजे आधी फक्त चूक होती. आता ते खोटं पण झालं, आजी."

"अगं, पण ती माझ्यासाठी..."

"मी सांगितलं. ते म्हणतात, त्यांना कळतंय. पण त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की ती खरं बोलली म्हणून तिला हा मान द्या. आता ते काय सांगणार?"

त्या माणसाच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

त्याच संध्याकाळी मीनाक्षीकडे गेले. ती समारंभासाठी साडीला इस्त्री करत होती, निळी इरकली, आईची. मी उभ्याउभ्या सांगून टाकलं, बसले तर सांगवणार नाही म्हणून. तिने ऐकलं. इस्त्रीची वायर काढली. अर्धी इस्त्री झालेली साडी घडी घालून कपाटात ठेवली, दार लावलं, आणि दाराला हात टेकून उभी राहिली.

"काकू," ती म्हणाली, "मला विचारायचंत हो."

एवढंच. त्याच्यापुढे आजवर एक अक्षर नाही.

समारंभाला ती जाणार नाही असं मला वाटलं होतं. पण त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, "येताय ना?" साधी पॅन्ट, काळा कोट. ट्रेनमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. पिशवीतून त्या कोऱ्या बासनाचा कोपरा डोकावत होता. मी विचारलं नाही. तिने ते काढलंही नाही.

कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात होतं सगळं. आम्ही शेवटच्या बाकावर, मधल्या वाटेच्या कडेला. अनुष्का माझ्या शेजारी, कानात सांगायला. ग्रीसहून तिघे आले होते. काळे झगे, पोटापर्यंत दाढ्या. त्यातला सगळ्यात म्हातारा पेटीजवळ गेला, वाकला, आणि पेटीच्या झाकणावर कपाळ टेकवून रडला. सगळ्यांसमोर, आवाज करून. शंभर वर्षांनी मूल सापडावं तसा.

मग भाषणं झाली. प्रमुख बोलले. युद्धाचं बोलले, लुटीचं बोलले, न्यायाचं बोलले. विकत घेणाऱ्या माणसाचं नाव घेतलं, यादी शोधणाऱ्या विद्वानाचं घेतलं, तपासनीसबाईंचं घेतलं. त्या म्हाताऱ्या साधूने काहीतरी विचारलं, दुभाष्याने इंग्रजी केलं, आणि अनुष्काने माझा हात घट्ट धरला.

"काय विचारलं?"

"ते विचारतात, इतकी वर्षं कोण सांभाळत होतं? त्यांना थँक यू म्हणायचंय."

प्रमुख म्हणाले, आमच्या लायब्ररीतल्या सर्वांनी.

मी उठले. खरंच उठले, गुडघे दुखतात तरी. ओरडून सांगणार होते, मराठीत तर मराठीत, ही बसलीय बघा, ही. मीनाक्षीने माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिच्या हाताला इतकी ताकद आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"बसा काकू. आता पुरे."

बसले.

पेटी उचलली. दोघा तरुण साधूंनी धरली, म्हातारा पुढे. मधल्या वाटेने आमच्या दिशेने निघाले. मीनाक्षी उभी राहिली, सगळेच राहिले. पेटी आमच्या बाकापाशी आली, हात लांब केला असता तर लागला असता. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. आणि मग बाकाच्या पुढे, दारापाशी, जिथे एक पायरी खाली उतरते, तिथे ती पोरं पोचायच्या आधी तिच्या तोंडून निघालं, अगदी हलकं, "हळू रे. पायरी आहे."

मराठीत. त्यांना कुठून कळणार. तरी ती नीट उतरली, आणि दार लागलं. लोक चहा-बिस्किटांकडे वळले. कुणीतरी येऊन मीनाक्षीला म्हणालं, छान झाला ना कार्यक्रम. ती म्हणाली, खूप छान.

जानेवारीत तिने घर विकायला काढलं. ऋषी अ‍ॅशबर्नला असतो, इथून पार पूर्वेकडे, संगणकांच्या त्या मोठ्या गोदामांत कामाला. तो आणि आश्लेषा, सून, येऊन घेऊन गेले. जाताना तिने माझ्या पाया पडायला वाकायचं केलं आणि मी तिला वाकू दिलं नाही. वाकणं माझं होतं. पण मोठ्याने लहानाच्या पाया पडलेलं आपल्यात चालत नाही, म्हणून आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो, बर्फात, आणि ऋषीने गाडी तापवून ठेवली होती.

मठात पोथीपाशी लावलीय म्हणतात त्या पाटीवर, कॉलेजच्या आभाराच्या कागदावर, त्या दिवशीच्या भाषणात, कुठेही तिचं नाव नाही. त्याला मी कारण. म्हणून हा अंक ज्यांच्या हातात पडेल त्यांनी एवढं तरी वाचा: ती पोथी मीनाक्षी प्रल्हाद टेंबे यांनी सत्तावीस वर्षं सांभाळली. एक पान फाटू दिलं नाही. जे झालं ते माझ्या बोटाने झालं, आणि नंतरचं माझ्या तोंडाने.

मी दर रविवारी फोन करते. ती बोलते. जेवलात का, गुडघे कसे आहेत, बदकं आली का. मीच एकदा विचारलं, "रागावलीस ना ग माझ्यावर?" ती म्हणाली, "नाही हो काकू," आणि खरंच वाटलं ते, त्यानेच मला रडू आलं. अलीकडे बोलणं आखडत चाललंय. गेल्या रविवारी ऋषीने फोन उचलला. म्हणाला, "आई झोपलीय, आजी. हल्ली उठतच नाही लवकर." तिकडे दिवसाचे साडेअकरा वाजले होते.

मी म्हटलं, झोपू दे.